दिवाडी-चोडणच्या पावसात दोघांच्या दोन रकसॅक: पावसाळा ते उन्हाळा वापरून झाल्यावर

मे संपता संपता आम्ही दोघांसाठी दोन रकसॅक घेतल्या, नवऱ्याची 55 लिटरची आणि माझी 40 लिटरची, आणि तेव्हापासून आख्खा पावसाळा, मग चवथ-दिवाळी, मग थोडीफार थंडी आणि आता परत घामाचे दिवस, सगळं या दोन बॅगांवर काढलंय. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण मला जे सांगायचंय ते ब्रँडबद्दल नाहीच, या बांधणीच्या बॅगा चार-पाच कंपन्या विकतात आणि आपल्या दमट हवेत त्या सगळ्या साधारण अशाच वागणार.

आधी वापर कसा होता ते सांगते, नाहीतर रिव्ह्यूला अर्थ नाही. आम्ही फोंड्याचे, दोघं पणजीला नोकरीला, सुट्टी आली की स्कूटर घरी ठेवून बसने ओल्ड गोव्याला उतरायचं, व्हाइसरॉयच्या कमानीखालून चालत धक्क्यावर जायचं आणि फेरीबोटीने दिवाडीला. दिवाडीवर पूल नाहीये, कोकण रेल्वेचे रूळ बेटावरून जातात पण तिथं स्टेशन नाही, जवळचं स्टेशन नदीच्या अलीकडच्या काठाचं करमळी, त्यामुळं बेटावर यायचं तर फेरीबोटच, आणि चालत येणाऱ्याला ती फुकट आहे. तिकडे होमस्टेत राहायचं, दुसऱ्या दिवशी बेट चालत पार करून नार्व्याच्या फेरीने पलीकडे डिचोली तालुक्यात, सप्तकोटेश्वराचं दर्शन, मग पुढं कधी चोडण, कधी परत घरी. बेट म्हटलं की लोक लगेच अंदमानची तिकिटं बघायला लागतात, पण आपल्या मांडवीतच एवढी बेटं आहेत आणि पाठीवर बॅग टाकून दोघांनी भटकायला यापेक्षा छान जागा मला तरी माहीत नाही. कितीतरी गोंयकारांनी स्वतःच दिवाडी बघितलेली नाही, बोंदेराचा उत्सव असला की ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी तेवढी गर्दी, बाकी वर्षभर शांतता.

आता बॅग. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. बॅग उंचीवरून नाही, पाठीच्या लांबीवरून घ्यायची. मान पुढं वाकवली की मागं जे हाड टोकदार लागतं तिथून सुरुवात, आणि कमरेच्या दोन्ही हाडांवर हात ठेवले की अंगठे पाठीवर ज्या रेषेत येतात तिथं शेवट, एवढं अंतर शिवणाच्या टेपने दुसऱ्याला मोजायला लावायचं. आम्ही घरी मोजलं तर माझं 41 सेंटीमीटर आणि नवऱ्याचं 49, आणि उंचीत आमच्यात जेमतेम दोन इंचांचा फरक! म्हणजे त्याला बसणारी बॅग मला कधीच बसली नसती, पट्टा कमरेवर न येता खाली मांडीकडे घसरला असता आणि मग सगळं वजन खांद्यांवर. माझ्या बॅगेला पाठीचा भाग वेल्क्रोने वरखाली करता येतो, तो एकदा नीट लावून घेतला आणि परत हात लावलेला नाही. ज्या नवरा-बायकोंना वाटतं एकाच मापाच्या दोन बॅगा घेतल्या की झालं, त्यांना कळकळीने सांगते, आधी पाठ मोजा.

कमरपट्टा घालायचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी कमरपट्टा, तो हाडाच्या बरोबर वर घट्ट, मग खांद्याचे पट्टे, मग खांद्याच्या वरच्या बाजूचे ते छोटे पट्टे थोडे ओढायचे म्हणजे बॅग पाठीला चिकटते, आणि छातीवरचा सगळ्यात शेवटी. असं घातलं की बहुतेक वजन कमरेवर जातं. चालून आल्यावर माझे खांदे दुखत नाहीत, हे मी ऑफिसच्या लॅपटॉप बॅगेबद्दलसुद्धा म्हणू शकत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, फेरीबोटीत चढताना कमरपट्टा आणि छातीचा पट्टा दोन्ही सोडायचे. पाय घसरून पाण्यात गेलात तर बॅग एका झटक्यात अंगावेगळी झाली पाहिजे. पहिल्याच पावसात फेरीवरच्या एका वयस्कर खलाशाने मला हटकलं, "गो बाय, पट्टो सोड", आणि मी सोडेपर्यंत तिथून हलला नाही. तेव्हापासून रॅम्पवर पाय ठेवायच्या आधी माझा हात आपोआप बक्कलवर जातो.

पाऊस. इथं मला भरपूर लिहायचंय. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, आणि दिवाडीच्या धक्क्यावरून गावाकडं जाणारा रस्ता खाजनाच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या) शेतांमधून सरळ जातो, दोन्ही बाजूला पाणी भरलेली भाताची शेतं, आडोसा म्हणून काही नाही. जुलैत तिथं असा वारा-पाऊस लागला की पाणी वरून नाही, बाजूने येत होतं. दोन्ही बॅगांना सोबत मिळालेलं रेन कव्हर घातलेलं, आणि कव्हर वॉटरप्रूफच होतं, त्याच्या कापडातून थेंब आत गेला नाही. पण कव्हर फक्त बाहेरची बाजू झाकतं! पाठीकडची बाजू उघडीच, मानेवरून ओघळणारं पाणी सरळ पाठीच्या फोमात आणि तिथून आत, आणि जे आत गेलं ते कव्हरच्या तळाशी साठून राहतं. होमस्टेत पोचून नवऱ्याने कव्हर काढलं तर तळातून तांब्याभर पाणी पडलं, आणि तळाच्या कप्प्यातली चादर पिळून काढावी लागली. माझ्या कव्हरला तळाशी पाणी जायला एक छोटं रिंग लावलेलं भोक आहे, त्याच्या कव्हरला नाही, एकाच कंपनीच्या दोन बॅगा असून. हे मी कस्टमर केअरला कळवलं, "फीडबॅक नोंदवला आहे" असं उत्तर आलं, पुढं काही नाही.

उपाय साधा आणि स्वस्त आहे, बॅगेच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी. बागेच्या कचऱ्यासाठी ज्या काळ्या मिळतात त्यातली सर्वात जाड घ्यायची, बॅगेत उघडी बसवायची, सगळं सामान तिच्यात भरायचं, हवा काढून तोंड पिळायचं आणि दुमडून खाली दाबायचं. मग बाहेरची बॅग कितीही भिजू दे. ऑगस्ट-सप्टेंबरात आमचा एक कपडा ओला झाला नाही. रेन कव्हर तरीही घालतो, कारण कापड भिजलं की बॅगच जड होते आणि वाळायला दोन दिवस जातात, पण भरवसा ठेवायचा तर आतल्या पिशवीवर.

आता आपल्या हवेचं. भिजण्याने बॅग खराब होत नाही, न वाळवता ठेवण्याने होते. बऱ्याच बॅगांच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचं कोटिंग असतं आणि उष्णता-ओलावा एकत्र मिळाला की ते हळूहळू विघटित होतं, आधी चिकट लागतं मग पापुद्रे सुटतात. माझ्या दिराची जुनी बॅग माळ्यावर चार पावसाळे पडून होती, आतून हात घातला तर बोटं चिकटली. त्यामुळं आमच्याकडे नियम असा की आल्या आल्या बॅग रिकामी, सगळे कप्पे उघडे, पंख्याखाली उलटी टांगलेली, कपाटात जायची ती पूर्ण कोरडी झाल्यावरच. एवढं करूनसुद्धा सप्टेंबरात नवऱ्याच्या कमरपट्ट्याच्या फोमवर पांढरी बुरशी आली, कारण फोम बाहेरून कोरडा वाटतो पण आत ओल धरून असतो. साध्या साबणाच्या कोमट पाण्याने मऊ ब्रशने घासली, कडक उन्हात न ठेवता सावलीत वाऱ्याला वाळवली, गेली. वॉशिंग मशीनमध्ये मात्र अजिबात टाकू नका, कोटिंग आणि फोम दोन्हीची वाट लागते.

चेन हा या बॅगांचा खरा कच्चा दुवा. मांडवीचं पाणी इथं खारं, हवाही खारी, धातूचे रनर हिरवट व्हायला लागतात आणि मग अडकतात. माझ्या वरच्या कप्प्याचा रनर नोव्हेंबरपासून कोपऱ्यावर अडतोय. गोड्या पाण्याने धुऊन दातांवर मेणबत्ती घासली की काही दिवस सुरळीत चालतं, मग परत तेच. एवढे पैसे घेऊन चेन अशी देणं मला पटलेलं नाही. शिलाई मात्र दोन्ही बॅगांची जशीच्या तशी, खांद्याच्या पट्ट्याच्या मुळाशी, जिथं सगळ्यात जास्त ताण येतो, एक दोरा सुटलेला नाही.

चोडणला आम्ही थंडीत जास्त गेलो, रायबंदरहून फेरी, उतरलं की लगेच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, 178 हेक्टर खारफुटी, 1988 पासून संरक्षित. तिथं बॅगेची वेगळी परीक्षा होते, कारण तासन् तास हळू चालायचं, थांबायचं, दुर्बीण काढायची, परत ठेवायची. बाजूच्या जाळीच्या कप्प्यातली पाण्याची बाटली बॅग पाठीवर असताना माझ्या हाताला येतच नाही, मग नवऱ्याने माझी काढायची आणि मी त्याची. दोघं असल्यावर चालून जातं, एकट्याने फिरणाऱ्याला वैताग. कमरपट्ट्यावरचे छोटे कप्पे मात्र मस्त, एकात छोटी दुर्बीण, एकात फोन, सुटे पैसे आणि डासांचं मलम, आणि खंड्या समोर फांदीवर बसलाय तेव्हा बॅग न उतरवता दुर्बीण हातात येते. पाठीला जाळी ताणून बसवलेली आहे त्यामुळं हवा खेळते, घाम येतोच पण शर्ट पाठीला चिकटून राहत नाही. त्या जाळीमुळं वजन पाठीपासून दोन बोटं लांब जातं, म्हणून जड सामान मधोमध आणि पाठीच्या बाजूलाच भरायचं, नाहीतर बॅग मागं ओढते.

वजनाची वाटणी यावर आमचं बरंच बोलणं झालं. नवऱ्याला वाटायचं जड ते सगळं त्याने घ्यावं. पण नार्व्याच्या बाजूला चढ-उतार करताना त्याची पाठ भरून यायची आणि मी रिकामी पुढं, मग दोघांनाही मजा नाही. आता स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंतच प्रत्येकाने उचलायचं असं ठरलंय, म्हणजे 54 किलोच्या मला दहाच्या आत आणि त्याला चौदाच्या आत, घरच्या काट्यावर बॅग टांगून बघतो. गंमत म्हणजे असं मोजायला लागल्यापासून सामानच कमी झालं, त्याची 55 लिटरची बॅग आता निम्मी रिकामी असते. दोन-तीन दिवसांच्या भटकंतीला आपल्याकडे जाड कपडे लागतच नाहीत, 40 लिटर दोघांनाही पुरते, परत घ्यायची झाली तर त्याच्यासाठीसुद्धा 40 चीच घेऊ, फक्त लांब पाठीची.

किंमत दोन्हींची मिळून दहा हजारांच्या आसपास पडली. बसायला, उचलायला आणि टिकायला मी पूर्ण खूश आहे, चेनसाठी आणि नवऱ्याच्या रेन कव्हरसाठी एक स्टार कापते. जूनच्या आधी फोंड्याच्या बाजारात बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून वरच्या कप्प्याचा रनर बदलून घेणार आहे आणि त्याच्याकडूनच दुसऱ्या कव्हरच्या तळाला एक आयलेट मारून घेणार. कोणी जुन्या रनरच्या जागी प्लास्टिकचा बसवून पावसाळ्यात वापरला असेल तर कसा टिकला ते नक्की लिहा, त्याप्रमाणे मी दुकानदाराला सांगेन.