बेटसन वाचायचाय, पण आधी कुठलं पुस्तक? 'स्टेप्स' की 'माइंड अँड नेचर'?

ग्रेगरी बेटसन कोण हे परत सांगत बसत नाही, वाचावासा वाटतोय म्हणजे मानववंशशास्त्र, सायबरनेटिक्स (यंत्रं आणि सजीव स्वतःला कसं सावरतात ह्याचं शास्त्र), मानसोपचार, डॉल्फिन असा सगळीकडे पाय ठेवून आलेला माणूस आहे एवढं तुम्हाला माहीत असणारच. अडतं ते पुस्तकापाशी. न्यू गिनीवरचं 'नेव्हन' किंवा मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीडबरोबर केलेलं बालीच्या फोटोंचं पुस्तक सुरुवातीला कोणी घेत नाही (घेऊही नये), म्हणजे उरतात दोन. १९७२ चं 'स्टेप्स टू ॲन इकॉलॉजी ऑफ माइंड', म्हणजे पस्तीसेक वर्षांतले लेख आणि भाषणं बांधून केलेला ठोकळा. आणि १९७९ चं 'माइंड अँड नेचर', बारकं आणि सलग लिहिलेलं.

ज्याला विचाराल तो म्हणतो आधी 'माइंड अँड नेचर' घे, सोपं आहे, एका दमात सगळा बेटसन कळतो. मलाही हेच सांगितलं होतं आणि मी ऐकलं. मी वाचतो ठाणे ते सीएसएमटी स्लो लोकलमध्ये, तासभर, आणि बसायला मिळालं नाही तर एका हाताने वरची कडी धरून. आता ह्या पुस्तकात चौथ्या प्रकरणात तो 'मन' कशाला म्हणायचं ह्याचे सहा निकष देतो, आणि तिथून पुढे सगळी इमारत त्या सहावर उभी आहे. शिवाय मागे शब्दार्थांची यादी आहे, स्टोकॅस्टिक, टॉटॉलॉजी, होमॉलॉजी वगैरे. म्हणजे माझा एक हात कडीला, दुसऱ्या हाताचा अंगठा चौथ्या प्रकरणात, करंगळी मागच्या यादीत, आणि उरलेल्या बोटांनी चालू पान धरायचं. कुर्ल्याला गर्दी आत आली की अंगठा निसटायचा. मग परत निकष शोधा. दोन दिवस सुट्टी आली की सोमवारी निकष क्रमांक पाच काय होता हे आठवायचं नाही, आणि तो न आठवता पुढे गेलं की नुसती वाक्यं डोळ्यांखालून जातात. हसू येईल, पण माझ्यापुरता निकाल ह्याच गोष्टीने लागला. घरी टेबलावर, पेन घेऊन, रोज नेमाने वाचणाऱ्याला हा त्रास होणारही नाही कदाचित.

दुसरं प्रकरण तर 'प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असतं' अशा नावाचं आहे आणि त्यात सोळा मुद्दे आहेत, जे अर्थातच कुठल्याही शाळकरी मुलाला माहीत नसतात. त्यातला विनोद कळतो, पण सोळा मुद्दे म्हणजे सोळा मुद्दे. सातव्यापर्यंत मला उगाच तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटायला लागलं.

पण नावं ठेवतोय तर चांगलंही सांगायला हवं. त्या सोळांतच ती दुप्पट घोड्याची गोष्ट आहे. कोणी एक काल्पनिक शास्त्रज्ञ लांबी, रुंदी, उंची सगळं दुप्पट असलेला घोडा बनवतो, त्याला नोबेलही मिळतं, आणि बिचाऱ्या घोड्याला उभंच राहता येत नाही, कारण वजन आठपट झालंय. खायला लागतं आठपट आणि अन्ननलिकेचा छेद मात्र चारपटच मोठा. 'मोठं म्हणजे चांगलं' ह्याच्यावर इतकं कमी शब्दांत कोणी काही लिहिलेलं मला तरी माहीत नाही. आणि सुरुवातीचा खेकडा! सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्ट स्कूलमधल्या पोरांसमोर बेटसन कागदी पिशवीतून शिजवलेला खेकडा काढून ठेवतो आणि म्हणतो, हे कधीकाळी जिवंत होतं हे मला पटवून द्या, तुम्ही मंगळावरून आलाय असं समजा. पोरं आधी म्हणतात दोन्ही बाजू सारख्या आहेत, मग बघतात तर एक नांगी मोठी, एक छोटी, आणि मग त्यांना सुचतं की लहानमोठ्या असल्या तरी दोन्ही नांग्यांची घडण एकच आहे. हे त्याच्या रक्तातच असणार म्हणा, वडील विल्यम बेटसन म्हणजे 'जेनेटिक्स' हा शब्द काढणारे, आणि पोराचं ग्रेगरी हे नावही ग्रेगोर मेंडेलवरून ठेवलेलं.

शिवाय ते पुस्तक कुठल्या परिस्थितीत झालं तेही विसरता येत नाही. १९७८ मध्ये त्याला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला आणि मोठी मुलगी मेरी कॅथरीन मदतीला आली म्हणून ते हातावेगळं झालं, १९८० च्या जुलैत तो गेला. हातात किती वेळ आहे हे कळलेल्या माणसाने आवराआवर करावी तसं ते आवरलेलं आहे. माझी तक्रार म्हणाल तर तीच, जरा जास्तच आवरलंय.

आता 'स्टेप्स'. आधी त्याचे दोष. पसारा आहे. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलच्या लॉजिकल टाइप्सची (गट आणि गटातली वस्तू ह्या वेगळ्या पातळ्या, त्यांची गल्लत करू नये, ह्या विचाराची) ओळख तो इतक्या वेळा नव्याने करून देतो की तिसऱ्या वेळी आपण 'कळलं हो' म्हणतो (अर्थात प्रत्येक वेळी समोरचा श्रोता वेगळा होता, त्याला तरी काय बोलणार). स्किझोफ्रेनियाचा भाग आज जपूनच वाचायला हवा, घरातल्या 'डबल बाइंड'ने, म्हणजे दोन उलट सूचना देऊन माणसाला कोंडीत पकडणाऱ्या बोलण्याने, तो आजार होतो ह्याला पुढे पुरावा काही मिळाला नाही आणि मधल्या मध्ये आयांना मात्र बराच दोष लागला. आणि वडिलांच्या नियमाची फेरतपासणी करणारा एक लेख आहे तो मी आजतागायत पुरा केलेला नाही.

तरीही. १९५६ च्या त्या डबल बाइंडच्या लेखात एक प्रसंग आहे. हॉस्पिटलमध्ये मुलगा जरा बरा झालाय, आई भेटायला येते, तो आनंदाने तिच्या खांद्यावर हात टाकतो, ती ताठ होते. तो हात काढतो. ती म्हणते, आता माझ्यावर प्रेम नाही का राहिलं? तो लाजतो, तर म्हणते, भावनांना इतकं घाबरू नये रे. झालं, एवढंच. आजाराचं कारण म्हणून नका वाचू, पण 'जा की, मी कुठे नाही म्हणतेय' हे वाक्य चेहरा पाडून बोललेलं ज्या घरात ऐकलंय त्या घरातल्या माणसाला ह्यात नवीन शिकायचं काही नाही, फक्त नाव मिळतं. माझ्या एका जुन्या साहेबांनी मीटिंगमध्ये 'मोकळेपणाने बोला' म्हटलं होतं, मी बोललो, आणि वर्षभर त्याची फळं चाखली. बेटसनचं म्हणणं असं की खरी मेख दोन उलट सूचनांमध्ये नाहीच, त्या उलट आहेत हे बोलायची सोय नाही आणि उठून जायचीही नाही, ह्यात आहे.

दोन्ही पुस्तकांत एक गोष्ट सारखी आहे, ती वाचून बघा म्हणजे फरक कळेल. हवाईतली डॉल्फिन. दर वेळी नवीन काहीतरी केलं तरच मासा, कालचं केलं तर नाही. चौदा वेळा ती बिचारी आधीच्या वेळी ज्याला मासा मिळाला तेच करत राहते, वैतागते, इतकी की ट्रेनरबाईंना नातं टिकवायला नियम मोडून न कमावलेले मासे द्यावे लागतात. चौदाव्या आणि पंधराव्याच्या मध्ये ती एकदम उत्साहात येते आणि पंधराव्या वेळी आठ गोष्टी करून दाखवते, त्यातल्या चार तर त्या जातीत कोणी पाहिलेल्याच नाहीत. 'माइंड अँड नेचर'मध्ये हे मोठ्या मांडणीतलं उदाहरण म्हणून येतं, नीट बसतं. 'स्टेप्स'मध्ये तेच १९६९ सालच्या भाषणात येतं, जिथे तो आपल्याच डबल बाइंडकडे मागे वळून बघतोय आणि त्याला तिथे दिसतंय की ज्या कोंडीने जीव मोडतो तिच्यातूनच कधीकधी नवीन काही सुचतंही. तिथे ती गोष्ट अंगावर येते, म्हणजे मला तरी आली.

आणि लोकलवाल्यांसाठी सांगतो, 'स्टेप्स'मधला प्रत्येक लेख आपापल्या पायावर उभा आहे. अंगठा मोकळा राहतो. बालीवरचा लेख एका दिवशी, दारू सोडण्यावरचा दुसऱ्या. त्या दारूच्या लेखात तो म्हणतो की 'मी बाटलीला हरवीन' ही ईर्ष्याच माणसाला परत बाटलीकडे नेते. हे वाचल्यापासून समोरासमोरच्या दोन गणपती मंडळांचे स्पीकर ऐकताना मला बेटसनच आठवतो, तू चढव मग मी चढवतो.

तर तुम्हाला शिस्तीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचायची सवय असेल, पक्की मांडणी लागत असेल तर 'माइंड अँड नेचर' घ्या, मी अडवणार नाही. माझ्यासारखे तुकड्या-तुकड्याने वाचत असाल तर 'स्टेप्स' घ्या, आणि कृपा करून क्रमाने वाचू नका. आधी सुरुवातीचे बाप-लेकीचे संवाद, मग १९७० चं (भाषाविचारक आल्फ्रेड कोर्झिब्स्कीच्या स्मरणार्थ दिलेलं) कोर्झिब्स्की व्याख्यान ज्यात 'फरक पाडणारा फरक' ही त्याची माहितीची व्याख्या आहे, मग दारू, मग डॉल्फिन. बाकीचं सवडीने.

त्या संवादांतला पहिलाच, वस्तूंचा पसारा का होतो हा, दुकानात उभ्या उभ्या वाचून होतो. बाप विचारतो, तुझी रंगपेटी फळीच्या दुसऱ्या टोकाला सरकवली तर आवरलेलंच राहील का? लेक म्हणते नाही, तिची जागा ती नाही, आणि वाकडीही चालणार नाही, सरळच हवी. मग हळूहळू कळतं की 'आवरलेलं' म्हणायच्या जागा मोजक्या आणि 'पसारा' म्हणायच्या अगणित, म्हणून पसाराच होत राहतो. हे माझ्या मुलीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, बघ, माझी चूक नाहीये.