कूलरच्या घरघरीत तानपुरा ऐकायचा तर

शास्त्रीय संगीत ऐकायला हेडफोन हवा होता. नागपुरातल्या बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारातल्या) दुकानदाराने आधी ब्लूटूथवालेच पुढे केले. "भाऊ, याचा बेस ऐका!" ऐकला. डग्गा नुसता घुमत होता, चाट (तबल्याच्या काठावरचा टणक बोल) कुठेच नाही. शेवटी तारवाला ऑडिओ-टेक्निका एम४०एक्स घेतला. ३५ ओहमचा, म्हणजे विजेला अडथळा कमी असल्याने मोबाइलवरही खणखणीत वाजतो, वेगळा अ‍ॅम्प लागत नाही. तार काढता येते, म्हणजे ती तुटली तर अख्खा हेडफोन फेकायची पाळी नाही. माझ्यासाठी हेच मोठं. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझण, सुटी ऐकू येते, ख्यालात मधेच घेतलेला श्वाससुद्धा. बेस मात्र मोजकाच. वरातीच्या डीजेची सवय असेल त्यांनी दुसरं पाहावं.

आता नागपूरचं सांगतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की असल्या बंद गाद्यांखाली कान घामाने चिंब होतात, तासाभरात काढावाच लागतो. कूलरचा आवाजही पूर्ण अडत नाही: बंद कप वरच्या पट्टीतले आवाज बरे रोखतात, खालची घरघर आत येतेच. तिच्यासाठी नॉइज कॅन्सलेशनच (उलटा आवाज सोडून बाहेरचा आवाज मारणारी सोय) हवं. मी आपला कूलर एक नंबरवर करतो. बायको वैतागते, तो भाग वेगळा. आणि हो, फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचं डोंगल (तार फोनला जोडायचा छोटा तुकडा) सोबतच घ्या.