एका बाजूची हेडलाईट बंद, आणि बाबांकडून घेतले 14,800 रुपये

हे जरा सविस्तर लिहितोय, कारण गणपतीला, मे महिन्यात, लाँग वीकेंडला सगळे गाड्या घेऊन निघतात आणि हायवेवर अशी गिऱ्हाईकं हेरणारे लोक बसलेलेच आहेत.

आई-बाबा गणपतीला डोंबिवलीहून गावी चालले होते, मुंबई-गोवा हायवेने. गाडी 2014 ची, छोटी हॅचबॅक, साधे हॅलोजन बल्ब. महाडच्या पुढे अंधार पडला, पाऊस सुरू झाला आणि बाबांच्या लक्षात आलं की डाव्या बाजूची हेडलाईट लागतच नाहीये, अप्परही नाही आणि डिपरही नाही. उजवी बाजू व्यवस्थित. पुढे घाट, सोबत आई, वय सत्तरीला आलेलं, त्यामुळे समोर जे पहिलं गॅरेज दिसलं तिथे त्यांनी गाडी लावली. त्यांच्या जागी कुणीही हेच केलं असतं.

गॅरेजमधल्या पोराने बॉनेट उघडलं, आधी फ्युज बॉक्सचं झाकण काढून तिथे काहीतरी खुडबूड केली, मग हेडलाईटच्या मागचा कपलर (बल्बला वायरी जोडणारा प्लास्टिकचा होल्डर) काढून व्होल्टेज मोजायच्या मीटरच्या पिना लावल्या आणि बाबांना बोलावून दाखवलं, "हे बघा काका, झिरो. करंटच येत नाहीये." मग मालक आला. तो म्हणाला बीसीएम गेलाय, म्हणजे गाडीचा लाईटचा कॉम्प्युटर, आतून शॉर्ट आहे, असंच पुढे गेलात तर घाटात दुसरी बाजू पण जाईल आणि वायरिंग पेटलं तर गाडीतून उतरायला वेळ मिळणार नाही. आई ते ऐकून इतकी घाबरली की तीच म्हणाली काय असेल ते करून घ्या. अर्ध्या-पाऊण तासात "नवीन बीसीएम आणि वायरिंग किट" बसवून झालं, डावी लाईट लागली, 14,800 रुपये घेतले. बाबांनी जुना पार्ट मागितला तर म्हणे तो एक्स्चेंजमध्ये कंपनीला परत द्यावा लागतो. बिल म्हणजे वहीतलं पान, त्यावर ना शिक्का ना जीएसटी नंबर, आणि पैसे यूपीआयने घेतले ते पण दुकानाच्या नावावर नाही, कुणा माणसाच्या नावावर.

परत आल्यावर काही दिवसांत तीच लाईट पुन्हा बंद. मी गाडी आमच्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली, त्यांना सगळे मामाच म्हणतात. मामांनी मीटर वगैरे काही घेतला नाही, हेडलाईटच्या मागचं रबराचं बूट ओढून काढलं, कपलर हातात घेतला आणि माझ्यासमोर धरला. पांढरं प्लास्टिक एका कोपऱ्यात तपकिरी होऊन वितळलेलं, एक पिन काळीनिळी पडून मागे सरकलेली, आणि ती घट्ट बसावी म्हणून तिच्या शेजारी तांब्याच्या वायरीचे दोन-तीन केस पिळून कोंबलेले. हीच ती 14,800 ची दुरुस्ती. बल्ब तेवढा नवीन टाकला होता. मग मामांनी डॅशबोर्डच्या खाली टॉर्च मारून बीसीएम दाखवला, त्यावरचा स्टिकर 2014 चा, स्क्रूच्या खाचांमध्ये धूळ जशीच्या तशी. त्याला कुणी हातसुद्धा लावलेला नाही! आणि या गाडीत हेडलाईटचा करंट बीसीएममधून जातच नाही, तो फ्युज, रिले (स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारी छोटी डबी) आणि स्विचमधून जातो, हे मामांनी वायरिंगचा नकाशा काढून समजावलं. नवीन होल्डर वायरीसकट आणि मजुरी मिळून 450 रुपये झाले, लाईट तेव्हापासून चालू आहे.

मी मामांना विचारलं की होल्डर वितळेपर्यंत फ्युज का नाही उडाला, तर त्यांनी सांगितलं ते सगळ्यांनी समजून घ्यावं असं आहे. फ्युज करंट वाढला तरच उडतो. 60 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर साधारण 5 अँपिअर ओढतो, पिन सैल झाली तरी करंट काही वाढत नाही, पण सैल जागी रेझिस्टन्स वाढतो आणि तेवढाच भाग तापत राहतो, शेवटी प्लास्टिक वितळतं. पावसाचं पाणी आत गेलं, पिनांवर हिरवट थर चढला की हे अजून लवकर होतं. ज्यांनी 100/90 वॅटचे बल्ब टाकलेत त्यांचा करंट 8 अँपिअरच्या वर जातो, मूळ वायर आणि होल्डर त्यासाठी बनवलेलेच नसतात, तेव्हा ते आजच काढा.

आता मुख्य गोष्ट. एकाच बाजूची लाईट गेली असेल तर दोन्ही बाजूंना कॉमन असलेली वस्तू खराब असण्याची शक्यता फार कमी. स्विच गेला, रिले गेला तर साधारणपणे दोन्ही बाजू जातात. एक बाजू गेली की संशय त्या बाजूचा बल्ब, त्या बाजूचा फ्युज (बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्याला वेगळा असतो), कपलर आणि अर्थिंग यांच्यावरच घ्यायचा. म्हणून मेकॅनिकने बीसीएम, हार्नेस (वायरींचा जुडगा), असेंब्ली (अख्खी हेडलाईट) असलं काही नाव काढलं की शांतपणे म्हणायचं, आधी उजवीकडचा बल्ब डावीकडे लावून दाखव. लाईट बंद करून बल्ब थोडा गार होऊ द्यायचा, काचेला बोट लावायचं नाही कारण तेलकट डाग राहिला की तिथे काच जास्त तापून बल्ब लवकर जातो, बाकी पाच-दहा मिनिटांचं काम आहे. उजवीकडचा चांगला बल्ब डावीकडे लागला तर डावीकडचा बल्बच गेलेला, विषय संपला, दोन-तीनशे रुपयांत काम होतं. नाही लागला तर फ्युज काढून उजेडात बघा, आतली पट्टी तुटलीय का ते दिसतं, आणि उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका, 10 चा लाल असतो, 15 चा निळा, 20 चा पिवळा. निळ्याच्या जागी पिवळा कुणी टाकत असेल तर टाकू देऊ नका. दोन्ही बाजूंचं फक्त डिपर किंवा फक्त अप्पर गेलं असेल तर ते प्रकरण वेगळं, तिथे स्विच-रिले बघावा लागतो, आणि रिले तर बऱ्याच गाड्यांत हॉर्नच्या रिलेशी अदलाबदल करून तपासता येतो, नंबर सारखा असेल तर.

मीटरवर मात्र डोळे झाकून विश्वास नको. फ्युज काढून ठेवला, लाईटचा स्विच बंद असला, किंवा काळी पिन रंग लावलेल्या पत्र्यावर टेकवली तर कुठल्याही धडधाकट गाडीत झिरोच दिसणार. बाबांच्या बाबतीत तो पोरगा आधी फ्युज बॉक्सकडे का गेला होता हे आता वेगळं सांगायला नको. काळी पिन जिथे आहे तिथेच ठेवून लाल पिन आधी बॅटरीच्या प्लसला लावायला सांगा, तिथे 12 च्या वर आकडा दिसलाच पाहिजे, मग कपलरला. याच्या उलटही फसवतात, कपलरला 12 व्होल्ट दाखवायचे आणि म्हणायचं करंट येतोय, बल्ब नवीन आहे, म्हणजे हेडलाईटची असेंब्लीच गेली. गंजलेल्या पिनेतूनही मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतं कारण मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही, बल्ब जोडला की तेच व्होल्टेज पडतं. म्हणून मीटरपेक्षा टेस्ट लॅम्प बरा, त्यात बल्ब असतो, पेटला तर दिसतो, मंद पेटला तरी दिसतो.

नवीन एलईडीवाल्या बऱ्याच गाड्यांत बीसीएम खरंच हेडलाईट चालवतो, तिथे तो जाऊही शकतो. पण अशा बऱ्याच गाड्यांत तो बदलला की स्कॅनर लावून कोडिंग करावं लागतं, म्हणजे नवीन बीसीएम त्या गाडीशी जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर चावी, सेंट्रल लॉक सगळं अडतं. स्कॅनर न लावता अर्ध्या तासात बीसीएम बदलला म्हणणाऱ्याला कोडिंग कसं केलं ते विचारा.

मी गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणाला गाडी घेऊन या, बघतो. डोंबिवलीहून महाडच्या पुढे कोण जाणार, हे त्यालाही माहीतच आहे, हायवेवरची लूट याच हिशोबावर चालते. 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे, सोबत वहीतल्या पानाचा फोटो, यूपीआयचा स्क्रीनशॉट, वितळलेला कपलर आणि 2014 च्या स्टिकरचा फोटो जोडलाय. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात केस करता येते, गॅरेजच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही. तक्रार सुरू आहे म्हणून गॅरेजचं नाव लिहीत नाहीये. त्या पट्ट्यात कुणाला असंच बीसीएमचं बिल लावलं असेल तर गाडी आधी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला दाखवा, काहीही बदलण्याआधी फोटो काढून घ्या, आणि ते वहीतलं पान फेकू नका.