कमोडोर ६४ घ्यावा की स्पेक्ट्रम? ऐकीव गोष्टी आणि मीटरवरचे आकडे

दोन्ही १९८२चे घरगुती संगणक. ४८के (म्हणजे ४८ केबी मेमरीचा) स्पेक्ट्रम ब्रिटनमध्ये १७५ पौंडांना आला, कमोडोर ६४ अमेरिकेत ५९५ डॉलरना. आज जुनं यंत्र घ्यायला निघालात की त्यांच्याबद्दल बरंच ऐकायला मिळतं. त्यातलं निम्मं चुकीचं असतं, आणि जे खरं असतं ते नेमकं कुणी सांगत नाही.

पहिली ऐकीव गोष्ट वेगाची. स्पेक्ट्रमचा प्रोसेसर झेड८० ३.५ मेगाहर्ट्झवर चालतो, कमोडोरचा ६५१० जेमतेम १ वर, म्हणून स्पेक्ट्रम साडेतीनपट वेगवान, असा हिशेब मांडतात. पण झेड८०ला साध्यातल्या साध्या सूचनेलाही क्लॉकच्या ४ सायकल लागतात, ६५१० तेच २ सायकलमध्ये उरकतो. फरक उरतो, पण थोडा. शिवाय कमोडोरमध्ये ८ स्प्राइट (पडद्यावर सरकणारी छोटी चित्रं) चित्राची चिपच हलवते. स्पेक्ट्रममध्ये प्रत्येक ठिपका प्रोसेसरने रंगवायचा. वर ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग, म्हणून खेळातला माणूस झाडाजवळून गेला की झाडाचाही रंग बदलतो. आवाजात तर तुलनाच नको: कमोडोरची सिड चिप तीन सूर एकत्र वाजवते, ४८के स्पेक्ट्रमजवळ एक बीपर.

‘६४ म्हणजे ६४ केबी वापरायला’ हेही अर्धसत्य. बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत यंत्र सुरू होताच ३८,९११ बाइट मोकळ्या दिसतात. बाकीची मेमरी असते, पण बरीचशी रॉमच्या (यंत्रातल्या कायमच्या प्रोग्रॅमच्या) पाठीमागे झाकलेली. आणि ‘चुकीचा पोक (मेमरीत थेट आकडा लिहिण्याचा आदेश) दिला की यंत्र जळतं’ ही दंतकथा कमोडोरच्याच ‘पेट’ या जुन्या संगणकावरून आलेली आहे. ६४वर पोक चुकला तर बंद करून पुन्हा चालू करा, एवढंच.

यंत्र खरंच जळतं ते अडॅप्टरमुळे, आणि इथे दोघांचे नियम उलटे आहेत.

कमोडोरचा मूळ अडॅप्टर ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी देतो. आतला रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) राळेत पुरलेला, म्हणून तो तापतो आणि वयानुसार बिघडतो. बिघडला की ५ व्होल्टची लाइन खाली न येता वर चढते, आणि आधी रॅम मरते. यंत्राला जोडण्यापूर्वी सात पिनांच्या प्लगवर मल्टिमीटर लावा. ५.२ च्या वर दिसलं तर तो अडॅप्टर बाजूला ठेवा. बरोबर दिसलं तरी उद्याची खात्री नाही. आम्ही सरळ नवा अडॅप्टर घ्यायला सांगू. अमेरिकेतून कुणी यंत्र आणणार असेल तर तो अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टला लावू नका, आणि चित्र एनटीएससी, म्हणजे अमेरिकी टीव्हीच्या पद्धतीचं, येणार हेही ध्यानात ठेवा.

स्पेक्ट्रमचा अडॅप्टर ९ व्होल्टचा, पण यंत्राला न जोडता मोजला तर मीटर १२-१३ दाखवतो. घाबरून फेकू नका, तो रेग्युलेट केलेला नाहीच. ५ व्होल्ट यंत्राच्या आत बनतात. धोका वेगळा आहे: प्लगची मधली बाजू ऋण असते. राउटरचा अडॅप्टर बसतो म्हणून खोचलात तर उलटी वीज जाईल. मागच्या कनेक्टरला काहीही जोडताना-काढताना वीज बंदच हवी. मेमरीतल्या पहिल्या १६ केबीच्या चिपना +५, +१२ आणि -५ असे तिन्ही व्होल्टेज लागतात. -५ गेला की त्या चिप जातात. कीबोर्डच्या पट्ट्या ठिसूळ होऊन तुटतात, पण नवी मेम्ब्रेन (कळांखालचा पातळ पडदा) मिळते.

खेळ चढवायला स्पेक्ट्रम सोपा: खेळाची ऑडिओ फाइल मोबाइलवर लावा, आवाज जवळजवळ पूर्ण करून केबल ‘इअर’ सॉकेटमध्ये लावा, ४८ केबीचा खेळ चार-साडेचार मिनिटांत येतो. कमोडोरचा १५४१ फ्लॉपी ड्राइव्ह सेकंदाला साधारण ४०० बाइट वाचतो, म्हणजे ३० केबीला सव्वा मिनिट. त्यासाठी एसडी कार्डचा पर्याय घ्या.

सोल्डरिंगची हौस असेल, खर्च कमी ठेवायचा असेल, तर स्पेक्ट्रम घ्या. संगीत आणि खेळ हवे असतील तर कमोडोर, पण नव्या अडॅप्टरचे पैसे यंत्राच्या किमतीतच धरा.