करासवाड्याचे गॅरेज : अडकलेले स्टिअरिंग आणि मुका हॉर्न

वडिलांनी घेतलेली १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आम्ही गोव्यातील मोरजीच्या घरी अजूनही चालवतो. गेल्या पावसाळ्यात तिचा हॉर्न आधी अधूनमधून आणि मग कायमचाच बंद पडला. जांभ्या दगडाच्या कुंपणांनी झाकलेल्या इथल्या वळणांवर हॉर्नशिवाय गाडी नेणे धोक्याचे असते. शिवाय नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यायची, तर चालू हॉर्न हवाच. हे काम शेवटी म्हापशाजवळ करासवाड्यातील ज्या गॅरेजमध्ये नीट झाले, त्याबद्दल लिहीत आहे. गॅरेजला फलक नाही. वयस्कर मेस्त्री आणि त्यांचा पुतण्या असे दोघेच तिथे काम करतात.

त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी स्टिअरिंग काढण्यासाठी ते ज्या दांड्यावर बसते त्याच्या टोकावर सरळ हातोडा चालवला गेला होता. स्टिअरिंग हलले नाहीच, टोकावरच्या, नट फिरतो त्या आट्या मात्र दबल्या, आणि शेवटी डॅशबोर्डखाली दारावरच्या घंटीचे बटण बसवून मला परत पाठवण्यात आले. आणीबाणीच्या क्षणी हात सवयीने स्टिअरिंगच्या मध्यावर जातो, डॅशबोर्डखाली जात नाही.

करासवाड्याच्या मेस्त्रींनी आधी हॉर्नला बॅटरीवरून थेट वायर जोडून पाहिली. तो खणखणीत वाजला. मग स्टिअरिंगच्या नळीतून खाली येणारी वायर सोडवून तिचे टोक बॉडीच्या उघड्या पत्र्याला टेकवले, तेव्हाही तो वाजला. माझ्या गाडीत हॉर्नपर्यंत करंट आधीच पोहोचलेला असतो आणि बटण दाबल्यावर फक्त अर्थिंग (करंटची बॉडीतून परतीची वाट) पूर्ण होते. त्यामुळे फ्यूज आणि वायरिंग शाबूत असून दोष स्टिअरिंगखालच्या कॉन्टॅक्टमध्येच आहे, हे दहा मिनिटांत ठरले.

खरे कौशल्य त्यानंतर दिसले. बॅटरीची अर्थिंग काढून, पुढची चाके सरळ ठेवून त्यांनी दांडा आणि स्टिअरिंग या दोन्हींवर पंचाने समोरासमोर बारीक खुणा केल्या, म्हणजे परत बसवताना एकमेकांत अडकणाऱ्या दात्यांपैकी एकाचाही फरक पडू नये. दबलेल्या आट्या कानशीने साफ केल्या, गंज सोडवणारे तेल दात्यांमध्ये सोडले आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे न उघडलेले दाते एकमेकांना असे धरून बसतात, की नुसत्या ओढण्याने ते सुटत नाहीत. हातोड्याचा प्रत्येक ठोका दांड्यातून खाली स्टिअरिंग बॉक्सच्या बेअरिंगला बसतो, हे त्यांनी पुतण्यालाही समजावून सांगितले.

सकाळी नट सैल केला, पण तीन-चार आट्यांवर मुद्दाम राहू दिला, कारण स्टिअरिंग अचानक सुटले तर ते थेट तोंडावर येते. पुलरचे, म्हणजे बोल्ट आवळून स्टिअरिंग वर ओढणाऱ्या साधनाचे, पाय मधल्या जाड भागामागेच अडकवले; जुने प्लास्टिक ओढल्यावर तडकते म्हणून कडेला हातही लावला नाही. बोल्ट पाव फेरा आवळायचा, थांबायचे, पुन्हा पाव फेरा, असे सुमारे चाळीस मिनिटे चालले. मधेच गरम हवेच्या यंत्राने तो भाग शेकला. शेवटी कोरडी फांदी मोडावी तसा ‘कट्’ आवाज झाला आणि स्टिअरिंग अर्धा बोट वर आले.

खालची पितळी रिंग हिरवी पडली होती आणि तिच्यावर टेकून करंट नेणारा कार्बनचा तुकडा झिजून स्प्रिंगच्या पातळीला आला होता. रिंग बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली आणि दात्यांना ग्रीसचा पातळ हात दिला. नवा कार्बन मुंबईहून मागवावा लागला आणि त्यात नऊ दिवस गेले. इतका वेळ लागेल याची कल्पना आधी द्यायला हवी होती. छापील बिलही मिळत नाही. एकूण १,८०० रुपये झाले, त्यात घंटीचे बटण काढून डॅशबोर्डखालचे भोक रबरी बुचाने बंद करण्याचे कामही आले. त्यांनी ते मी न सांगताच केले होते.

आता स्टिअरिंग पूर्ण फिरवले तरी हॉर्न कुठेही तुटक वाजत नाही आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंगच्या आऱ्या समतोल राहतात. जुन्या गाडीचे असे काम असेल तर तिथे जरूर जा, पण शुक्रवार टाळा, कारण म्हापशाच्या बाजारामुळे गाडी गॅरेजपर्यंत पोहोचवणेच कठीण होते.