आरटीई 25 टक्के ॲडमिशनचा रिव्ह्यू : फॉर्म सोपा आहे, खरी मजा पुढे (5 पैकी 3 स्टार)

बहिणीच्या मुलीचं ॲडमिशन 2024 ला आरटीईतून झालं, फॉर्म भरण्यापासून शाळेच्या काउंटरवर वाद घालण्यापर्यंत सगळं माझ्याकडेच होतं, म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात (म्हणजेच आरटीईत) कलम आहे की खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गाच्या 25 टक्के जागा वंचित आणि गरीब घरातल्या मुलांसाठी ठेवायच्या, आठवीपर्यंत फी शून्य, शाळेला परतावा सरकार देणार. एससी, एसटी, ओबीसी वगैरेंना उत्पन्नाची अट नाही, ओपनवाल्यांना वर्षाला 1 लाखाच्या आत पाहिजे (1 लाखात हल्ली घर कोण चालवतं हे विचारू नका).

फॉर्म फुकट आहे आणि मोबाईलवरून भरता येतो, सायबरवाल्याला पैसे द्यायची काही गरज नाही. फक्त मॅपवर घराचं लोकेशन दाखवायचा तो लाल बलून नीट ठेवा. आमचं घर गल्लीच्या आत, बोट जरा सरकलं की बलून सरळ नाल्यापलीकडे, आणि अंतर तर त्यावरूनच मोजतात, आमच्या वर्षी आधी 1 किलोमीटरच्या आतली मुलं मग 3 च्या आतली, असं होतं. पडताळणीत पत्ता आणि लोकेशन जुळलं नाही तर लागलेला नंबरही जातो. जास्त चान्स मिळेल म्हणून एका मुलाचे दोन फॉर्म भरू नका, दोन्ही बाद होतात. आणि एखादं नावाजलेलं कॉन्व्हेंट यादीत दिसत नसेल तर तुमचा फोन खराब नाहीये, अल्पसंख्याक शाळांना सुप्रीम कोर्टाने 2014 लाच यातून पूर्ण सूट दिलीय.

नंबर लॉटरीने लागतो, आणि लॉटरीला मी पूर्ण मार्क देते. वशिला नाही, डोनेशन नाही, आईबापाचा इंटरव्ह्यू नाही (तो घेणं तसंही कायद्याने गुन्हा आहे, पहिल्या वेळी 25 हजारांपर्यंत दंड).

आता कागदपत्रं. बहीण भाड्याने राहते, रेशनकार्ड सासरच्या गावचं, लाईटबिल मालकाच्या नावावर. पडताळणीच्या टेबलावरच्या मॅडम एकदम शांतपणे म्हणाल्या, ताई नोटरीचा करार चालत नाही, रजिस्टर केलेला आणा, तोही फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आधीचा. आमच्याकडे होता, कारण मी आधीच मालकाच्या मागे लागून करून घेतला होता, पण शेजारच्या टेबलावर एक बाई नोटरीचाच कागद घेऊन आल्या होत्या, त्यांच्या मुलाचा नंबर तिथेच गेला. रजिस्टर करायला मालक तयार पाहिजे, खर्च पाहिजे, आणि झोपडपट्टीत खोली भाड्याने देणारा कुठला मालक हे करून देतो? म्हणजे ज्याच्यासाठी योजना आहे तोच पहिल्या चाळणीत बाहेर. एक स्टार इथेच कापला.

आमच्या वर्षी वरून अजून एक गोंधळ. फेब्रुवारी 2024 ला सरकारने नियम बदलला, 1 किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला 25 टक्क्यांतून सुट्टी. शहरात अशी शाळा कुठे नसते हो? यादी उघडली तर इंग्लिश मीडियम जवळपास गायबच. मी स्वतः झेडपीत शिकलेय, त्या शाळांबद्दल तक्रार नाही, पण कायद्याचा मुद्दाच हा होता की कामवाल्या बाईची पोरगी आणि मॅडमची पोरगी एका बाकावर बसावी. मेमध्ये हायकोर्टाने स्टे दिला, सगळ्यांनी फॉर्म परत भरले, जूनमध्ये लॉटरी निघाली पण यादी अडकली, 19 जुलैला कोर्टाने तो नियमच रद्द केला तेव्हा कुठे नावं कळली, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं. तोपर्यंत बाकीच्या मुलांची शाळा महिनाभर चालू होऊन गेली होती.

शाळेचं नाव घेत नाही. वर्गात वेगळं बसवणं वगैरे काही नाही, बाई चांगल्या आहेत, पोरगी खूश आहे. पण ॲक्टिव्हिटी फी, गणवेश त्यांच्याच दुकानातून, बस वेगळी. विचारलं तर म्हणे सरकार आमचे पैसे वेळेवर देत नाही. परतावा एका मुलामागे वर्षाला 17,670 रुपये, तोही थकतो, म्हणून शाळांच्या संघटना ओरडत असतात आणि त्यात त्यांचं चूक नाही, पण तो राग पहिलीतल्या पोरीच्या आईवर का काढायचा? मी लेखी मागितलं, कुठल्या नियमाने ही फी घेताय ते द्या, त्यानंतर ॲक्टिव्हिटी फीचा विषय बंद झाला, गणवेशाचे मात्र भरलेच. आठवीनंतर पूर्ण फी भरावी लागणार, त्याचं उत्तर ना शाळेकडे ना पोर्टलवर, दुसरा स्टार त्याचा.

भरायचा असेल तर उत्पन्नाचा दाखला आणि भाडेकरार दिवाळीच्या सुट्टीतच उरकून घ्या, 2025-26 चे फॉर्म जानेवारीतच सुरू झाले होते. मेसेजची वाट बघत बसू नका, पोर्टलवर अर्जाची स्थिती स्वतः बघत राहा, वेटिंगला असाल तर जास्तच.