साध्या लाकडी ठोकळ्यांचा संच: दोन वर्षांच्या वापरानंतर

आमच्या घरात गेली दोन वर्षे हा लाकडी ठोकळ्यांचा संच जवळजवळ रोज खेळात आहे. त्यात ५२ तुकडे आहेत. त्यांना रंग नाही, त्यांच्यावर चित्र किंवा अक्षर नाही आणि त्यांच्यातून आवाजही येत नाही. खोका उघडला त्या दिवशी माझ्या चार वर्षांच्या मुलीने एक ठोकळा हातात घेऊन "हा काय करतो?" असे विचारले आणि तो काहीच करत नाही हे कळल्यावर ती उठून गेली. पैसे वाया गेले असे मला तेव्हा वाटले होते. आज मात्र हा संच जरूर घ्यावा असे मी सांगेन, आणि त्याचे कारण तिच्या प्रश्नातच आहे: जे खेळणे आपण होऊन काही करत नाही, त्याचे काय करायचे हे मुलालाच ठरवावे लागते.

सगळे तुकडे एका मूळ ठोकळ्यावर बेतलेले आहेत. त्याची जाडी, रुंदी आणि लांबी साधारण ३.५, ७ आणि १४ सेंटिमीटर, म्हणजे १:२:४ या प्रमाणात आहे. दोन अर्धे जोडले की एक पूर्ण होतो, दोन पूर्ण जोडले की दुप्पट लांबीचा ठोकळा होतो, आणि तिरपे कापलेले किंवा कमानीचे तुकडेही याच मापांशी जुळतात. ही रचना कॅरोलाइन प्रॅट या अमेरिकन शिक्षिकेची. त्यांनी १९१४ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या शाळेत मुले आजही अशाच ठोकळ्यांनी खेळतात. त्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकात, जर्मनीत बालशिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिक फ्रोबेल यांनी लहान मुलांसाठी लाकडी घन तयार केले होते, परंतु त्यांच्या पद्धतीत ते ठरलेल्या क्रमाने मांडायचे आणि पुन्हा खोक्यात नीट बसवायचे असत. प्रॅट यांनी ठोकळे जमिनीवर पसरू दिले आणि पुढचे मुलांवर सोडले.

संच घरी आला तेव्हा माझा मुलगा दोन वर्षांचा होता. कित्येक आठवडे तो ठोकळे पिशवीत भरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेत असे, त्यापलीकडे काही नाही. याला खेळ म्हणावे का, असा प्रश्न मला पडला होता. पण ठोकळे नुसते वाहून नेणे हीच पहिली पायरी असते आणि रांगा, मनोरे, पूल, कुंपणे हे सारे त्यानंतर येते, असे अमेरिकन शिक्षिका हॅरिएट जॉन्सन यांनी मुलांच्या निरीक्षणावरून १९३३ सालीच मांडले होते. आमच्याकडेही बव्हंशी तसेच घडले. दोन खांब उभे करून वर आडवा ठोकळा ठेवताना तो मधून खाली पडे, आणि खांब जवळ सरकवावे लागतात हे उमगायला मुलाला चार दिवस लागले. ते चार दिवस हात आवरून बसणे मला जड गेले.

बांधकामापेक्षाही मोलाचे वाटते ते त्याभोवती रचले जाणारे नाटक. एकच ठोकळा सकाळी फोन असतो, दुपारी इस्त्री आणि संध्याकाळी झोपलेली मांजर. खेळण्यातला फोन फोनच राहतो, हा ठोकळा मात्र मूल म्हणेल ते होतो. काठीचा घोडा करणारे मूल वस्तूपासून तिचा अर्थ वेगळा काढायला शिकते, असे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी म्हटले आहे. खेळातले नियम मूल आपखुशीने पाळते आणि त्यातून स्वतःला आवरायला शिकते, हेही त्यांचेच निरीक्षण. "तू आता डॉक्टर नाहीस, तू पाऊस आहेस," असे मुलीने सांगितल्यावर एरवी क्षणभर न थांबणारा तिचा भाऊ दवाखान्याच्या भिंतीबाहेर उभा राहून, आत बोलावणे येईपर्यंत, बोटांनी पडत राहिला होता.

आता उणिवा. खोक्यात नमुन्यांच्या चित्रांचे एक पत्रक आहे, ते नसते तर बरे झाले असते. मुलगी आठवडाभर त्यातला किल्ला बांधण्याच्या प्रयत्नात होती आणि "माझा चुकला" म्हणत होती. मी पत्रक उचलून ठेवल्यावर हा शब्द ठोकळ्यांच्या बाबतीत पुन्हा ऐकू आला नाही. दोन मुलांना ५२ तुकडे अपुरे पडतात आणि त्यातही अर्धे ठोकळे फारच कमी आहेत. भर म्हणून आम्ही दुसऱ्या उत्पादकाचा संच आणला, पण त्याची मापे दोन मिलिमीटरने वेगळी निघाल्याने मनोरे कलू लागले; तेव्हा वाढवायचा असेल तर त्याच बनावटीचा संच घ्यावा. तीन-चार तुकड्यांच्या कडा खरखरीत होत्या, त्या काचकागदाने घासाव्या लागल्या. ठोकळे जड आहेत आणि मनोरा पडला की आवाजही मोठा होतो.

ठोकळे पेटीत न भरता आकारानुसार उघड्या फळीवर मांडले, तर मुले हवा तो तुकडा शोधून घेतात. पेटी असली की आधी सगळे जमिनीवर ओततात. खाली गालिचा नसावा, कारण त्यावर ठोकळे डगमगतात. शक्य असेल तिथे अर्धवट बांधकाम रात्रभर तसेच राहू द्यावे, कारण दुसऱ्या दिवशीचा खेळ बहुधा तिथूनच पुढे सुरू होतो. "हे काय बांधले आहेस?" असे विचारणे मी आता सोडले आहे. मुलांना सांगायचे असेल तेव्हा ती स्वतः हाक मारतात.